पंचमंडळ, दाते आणि देवाचें धन



ज्युबिली हा आनंदाचा सोहळा, हें खरेंच. परंतु शास्त्राप्रमाणें ती हिशेबाचीहि वेळ आहे. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथांत दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी व दास मोकळा व्हावा, अशी आज्ञा सांगितली आहे. म्हणजे त्या वर्षीं प्रत्येकानें आपल्यापाशीं काय आहे व तें मूळचें कोणाचें आहे, याचा शोध घ्यावयाचा असे. आमच्या धर्मग्रामाच्या इमारतींचा व उत्सवांचा वृत्तान्त या स्मरणिकेंत इतरांनीं दिलाच आहे. आम्ही त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. धर्मकार्य ज्या द्रव्यावर उभें राहतें तें मागावयास कोणीं जावें, देणाऱ्याची पुढें विचारपूस कोणीं करावी, आणि या बाबतींत आमच्या पूर्वसूरींनीं काय केलें, एवढेंच आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

जामसरचा हा मुलूख कसा आहे, हें येथील माणसास सांगावयास नको. पण ही पुस्तिका वसई-मुंबईकडील वाचकांच्याहि हातीं जाईल, म्हणून दोन शब्द. जव्हार हें मुकणे घराण्याचें जुनें संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यास जोडलें गेलें. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाला तेव्हां जव्हार व मोखाडा हे तालुके त्यांत आले. राज्य बदललें, जिल्हा बदलला. पण डोंगरउतारावरची नागली व वरई आणि खाचरांतलें भात हीं मात्र पूर्वींप्रमाणेंच एका पावसाच्या भरंवशावर राहिलीं. दिवाळी आटोपली कीं घरेंच्या घरें वीटभट्ट्यांवर व शहरांकडे मजुरीस निघतात आणि गांवांत म्हातारीं माणसें उरतात. १९९२ सालीं वावर-वांगणीकडे कुपोषणानें बालकें दगावलीं तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष इकडे वळलें होतें. अशा मुलुखांत रविवारच्या थाळींत पडणाऱ्या नाण्यांवर मुलांचें वसतिगृह चालत नाहीं कीं आजाऱ्यांची शुश्रूषा होत नाहीं. दात्यांवांचून आमचें पाऊल पुढें पडत नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे.

मग दाते जोडावयाचे कोणीं? “फादरांनीं,” असें उत्तर लोक सहज देतात. पंचांनीं सभेस यावें, हिशेबावर सही करावी, सणाला मंडपाची व्यवस्था पाहावी. मागणें हें मात्र झगा घालणाऱ्यासच शोभतें, असा समज आमच्यांत दृढ झाला आहे. इतिहास निराळें सांगतो.

पहिला दाखला संत पौलाचा. इसवी सनाच्या ५५ च्या सुमारास जेरुसलेम येथील गरीब ख्रिस्ती बांधवांसाठीं त्यानें दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस त्यानें सांगितलें कीं, प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं यथाशक्ति कांहीं बाजूस ठेवावें, म्हणजे आपण आल्यावर ऐनवेळीं धांवपळ होणार नाहीं. पुढें ती रक्कम नेण्याचें काम त्यानें एकट्याच्या अंगावर घेतलें नाहीं. तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला माणूस पाठविला. आणि त्याचें कारणहि त्यानें उघड लिहिलें, तें असें कीं, एवढ्या मोठ्या दानाविषयीं कोणी बोट दाखवूं नये, आणि देवापुढेंच नव्हे तर माणसांपुढेंहि व्यवहार चोख असावा. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दरिद्री होत्या. तरी त्यांनीं शक्तीपलीकडे दिलें, आणि द्रव्याच्या आधीं आपणां स्वतःस दिलें, असें तो कौतुकानें सांगतो. नेमानें देणें, निवडलेल्या माणसांनीं हिशेब सांभाळणें आणि आधीं स्वतः देणें, या तीन गोष्टी तेव्हांपासून ख्रिस्तसभेंत चालत आल्या आहेत.

दुसरा दाखला आमच्याच किनाऱ्यावरचा आहे. १४९८ सालीं लिस्बन शहरीं राणी लिओनोर हिच्या आश्रयानें ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयेचा बंधुसंघ, स्थापन झाला. पोर्तुगीज जेथें जेथें गेले तेथें तेथें हा संघहि गेला. गोव्यांत तो होता व वसईच्या कोटांतहि होता. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, कैद्याची भेट, मृतास मूठमाती अशीं चौदा दयाकृत्यें ही त्याची सनद होती. कारभार तेरा जणांकडे असे. त्यांत एक प्रमुख व बारा पंच. त्यांची निवड दर वर्षीं २ जुलै रोजीं, पवित्र मरियेनें एलिझाबेथेची भेट घेतली त्या सणाच्या दिवशीं, होई. अर्धे बंधु उच्च कुळांतील व अर्धे कारागीर वर्गांतील असत. हे पंच केवळ बैठकींत बसणारे नव्हते. भिक्षा गोळा करणें, आजाऱ्यांस भेटणें, फांशीच्या कैद्याबरोबर वधस्थळापर्यंत चालत जाणें, बेवारशी प्रेत खांद्यावर घेणें हीं बंधुसंघाचीं कर्तव्यें होतीं. परमुलुखीं मेलेल्या माणसाचा पैसा त्याच्या वारसांस पोंचविण्याचें कामहि लोक विश्वासानें याच संघाकडे देत. ज्या हातांनीं तिरडी उचलली त्याच हातांनीं झोळी पुढें केली, म्हणून ती भरे, असें आम्हांस वाटतें.

या चित्राची दुसरी बाजूहि लपवितां कामा नये. हा संघ राज्यकर्त्यांचा होता, आणि कुळाचा भेद त्याच्या घटनेंतच होता. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल गेला तसें कोटांतील वैभवहि गेलें. भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती प्रजा मात्र टिकली. जें राजाच्या तिजोरीवर उभें होतें तें राजाबरोबर गेलें. जें घराघरांतून पोसलें जात होतें तें राहिलें. संस्था चालविणाऱ्यांनीं हें मनांत बाळगावें.

त्याच प्रजेंतून पुढें १९१८ सालीं वसईस कॅथलिक सहकारी बँक निघाली. फादर पी. जे. मोनिस हे तिचे संस्थापक. सावकाराच्या व्याजांत अडकलेल्या शेतकऱ्यास सोडविणें हा तिच्यामागील हेतु. बँक म्हणजे कांहीं धर्मादाय नव्हे, हें आम्ही जाणतों. पण सहकाराचें मूळ तत्त्व येथें उपयोगीं पडतें. ज्यानें स्वतःचें भागभांडवल घातलें तोच सभासद, आणि सभासदांतूनच कारभारी. स्वतःचें कांहीं गुंतलेलें नाहीं असा मनुष्य दुसऱ्याजवळ ‘तुम्हीं ठेव ठेवा’ असें कोणत्या तोंडानें म्हणणार?

आतां ख्रिस्ती समाजाबाहेरील दोन उदाहरणें घेऊं. कारण सद्गुण कोणा एका धर्माची मिरास नाहीं, आणि या विद्येंत महाराष्ट्राचे खरे गुरु म्हणजे अण्णासाहेब कर्वे व कर्मवीर भाऊराव पाटील.

कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली व १९०० सालीं आश्रम हिंगण्यास नेला. स्वतः ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. त्या कॉलेजाची चालक मंडळी म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. ते बेताच्या वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याचें वचन देत. म्हणजे संस्थेचे चालक हेच तिचे पहिले दाते. अशा मंडळींत मुरलेले कर्वे दिवसा शिकवीत, चिखल तुडवीत हिंगण्यास पायीं जात, आणि सुटी लागली कीं गांवोगांव आश्रमासाठीं वर्गणी मागत फिरत. आपली स्वतःची शिल्लकहि त्यांनीं याच कामीं घातली होती. लोकांनीं नांवें ठेविलीं, बहिष्कार घातला. तरी त्यांनीं कोणाविषयीं कटु शब्द काढला नाहीं, आणि रक्कम लहान म्हणून ती देणाऱ्यास कधीं कमी लेखिलें नाहीं.

१९१६ सालीं महिला विद्यापीठ काढतांना त्यांनीं जी युक्ति योजिली तिचा विचार आमच्या पंचांनीं अवश्य करावा. वार्षिक वर्गणी देणाऱ्यांचे त्यांनीं मतदारसंघ बनविले आणि विद्यापीठाच्या सिनेटवर सभासद निवडून देण्याचा अधिकार त्यांस दिला. देणारा परका राहिला नाहीं. तो घरचा झाला. पुढें १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या नांवें १५ लाख रुपयांची देणगी दिली. हा आंकडा ऐकून लोक चकित होतात. पण तो हिंगण्याच्या झोंपडीनंतर वीस वर्षांनीं आला, हें विसरतात. मोठी देणगी ही लहान देणग्यांच्या खांद्यावर बसून येते. आणि एवढें मिळाल्यावरहि कर्वे स्वस्थ बसले नाहींत. सत्तरी गांठल्यावर, १९२९ ते १९३२ या काळांत, ते युरोप, अमेरिका व आफ्रिका हिंडून आले, आणि तेथेंहि त्यांनीं आपल्या कार्याची माहिती सांगून साहाय्य मागितलें.

भाऊरावांची रीत याहून साधी, आणि जामसरला अधिक जवळची. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रम करून शिकत. एकदां मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि, विकून चूल पेटती ठेविली, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. दळतां-कांडतां रोज एक मूठ धान्य संस्थेसाठीं बाजूस ठेवावें, असा मुष्टिफंड त्यांनीं खेड्यांतील घरांतून चालविला. पैसा नसलेल्या माणसासहि दाता होतां येतें, ही थोर गोष्ट त्यांनीं बहुजनसमाजास शिकविली. ज्या घरानें मूठभर धान्य दिलें त्या घरास शाळा ‘आपली’ वाटली; मग त्याच घरानें पुढें मुलगाहि पाठविला.

इतरांचीं उदाहरणें सांगून आम्ही आपला दोष झांकूं इच्छीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका ठिकाणीं असतांना, आमच्या हातून एक चूक झाली. एका निवृत्त शिक्षिका बाईंनीं आपल्या दिवंगत बहिणीच्या स्मरणार्थ वसतिगृहांतील मुलांच्या चादरींसाठीं रक्कम दिली. आम्हीं पावती फाडून दिली. त्याच पावसाळ्यांत वाऱ्यानें कौलें उडालीं, आणि आम्हीं ती रक्कम छपरावर खर्च केली. थंडीच्या दिवसांत बाई मुलांस भेटावयास आल्या. मुलें जुन्याच फाटक्या गोधड्यांत होतीं. “फादर, माझ्या बहिणीच्या चादरी कोठें आहेत?” एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हीं कौलांची हकीकत सांगितली. तिच्यांतील शब्दन् शब्द खरा होता. पण तें उत्तर नव्हतें. बाईंनीं चहा घेतला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरविला आणि त्या गेल्या. पुढें दोन वर्षें त्यांचें पत्र नाहीं.

ही गोष्ट आमच्या पंचांपैकीं एका वृद्ध शेतकऱ्याच्या कानीं गेली. तो म्हणाला, “फादर, तुम्हीं मला सांगितलें असतें, तर मी जाऊन बाईंना विचारून आलों असतों. कौलांना त्या नाहीं म्हणाल्या नसत्या. त्यांना कोणीं विचारलेंच नाहीं, हें त्यांना लागलें.” त्यानें आपल्या गांठच्या पैशानें चार चादरी घेतल्या, मळ्यांतील भाजी पिशवींत घातली आणि एस. टी. नें बाईंच्या घरीं गेला. काय बोलला तें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं. त्या नाताळांत बाई पुन्हां आल्या. पुढें आमची बदली झाली, आमच्यामागून दोन धर्मगुरु येऊन गेले. पण बाईंचीं पत्रें त्या शेतकऱ्याच्या नांवें येतच राहिलीं. धर्मगुरु बदलतो, दाता ज्या माणसास ओळखतो तो माणूस गांवांतच राहिला, तर दाताहि राहतो. सेमिनरींत आम्ही पुष्कळ ग्रंथ वाचले होते, पण हा धडा आम्हांस एका पंचानें शिकविला.

आणि हा धडा धर्मशास्त्रांत लिहिलेलाच होता. १९८३ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणें (नियम ५३७) प्रत्येक धर्मग्रामीं वित्तमंडळ असलेंच पाहिजे. नियम १२६७ म्हणतो कीं, विशिष्ट हेतूनें दिलेलें दान त्याच हेतूसाठीं वापरावें; आणि नियम १२८७ म्हणतो कीं, भाविकांनीं दिलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांस द्यावा. राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाहि विश्वस्तांकडून नीट ठेवलेल्या व तपासलेल्या हिशेबाची अपेक्षा करतो. तात्पर्य, पंच होणें हा मान नव्हे, तें ओझें आहे.

हें ओझें आतां अधिक जड झालें आहे. पूर्वीं परदेशांतील उपकारकर्त्यांच्या दानावर आदिवासी भागांतील पुष्कळ कामें चालत. २०२० सालीं परकीय देणग्यांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली. तेव्हांपासून असें द्रव्य प्रथम दिल्लींतील स्टेट बँकेच्या ठराविक शाखेंतील खात्यांतच जमा व्हावें लागतें, आणि एका संस्थेस मिळालेलें परकीय द्रव्य दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई झाली आहे. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे येणारा ओघ त्यामुळें आटला. याविषयीं तक्रार करीत बसण्यापेक्षां आपल्याच देशांतील, आपल्याच भाषेंतील माणसांशीं नातें जोडणें हा मार्ग आम्हांस खुला आहे. वसईचा बागायतदार, मुंबईचा नोकरदार, येथें शिकून बाहेर गेलेला आमचाच मुलगा, हे सारे येथून एका दिवसाच्या वाटेवर आहेत. त्यांच्या दारीं कोण जाणार, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आमच्या पंचमंडळापुढें आम्ही कांहीं गोष्टी ठेवितों. प्रत्येक पंचानें वर्षारंभीं प्रथम स्वतः द्यावें. रुपया नसेल तर पायलीभर नागली द्यावी, आणि तिची नोंद इतर दानाच्या बरोबरीनें व्हावी. प्रत्येकानें पांच दात्यांचीं घरें आपलीं मानावीं आणि वर्षांतून एकदां तरी कांहींहि न मागतां त्यांस भेटावें. नोंदवहींत केवळ रक्कम नको. दात्याचा हेतु व ज्याच्या स्मरणार्थ दान आहे त्याचें नांवहि हवें. हेतु बदलण्याची वेळ आली तर आधीं विचारावें, मग खर्च करावा. वर्षाचा हिशेब चर्चच्या दारावर लावावा आणि मिस्सेनंतर आपल्या भाषेंत वाचून दाखवावा. नवीन धर्मगुरु आला कीं पंचांनींच त्याला दात्यांच्या घरीं घेऊन जावें. भट्टीवर गेलेलीं आमचीं माणसें होळीला व पावसापूर्वीं परततात. तेव्हां हाच हिशेब त्यांच्याहि कानीं घालावा, कारण तीं केवळ घेणारीं नाहींत, या घराचीं धनीं आहेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टीहि सांगणें प्राप्त आहे. ज्यानें पुष्कळ दिलें त्याला केवळ त्या कारणानें पंचाची खुर्ची देऊं नये. नाहीं तर विधवेच्या दोन दमड्यांस मान देणाऱ्या प्रभूपुढें आम्हांस मान खालीं घालावी लागेल. आणि दात्याचें हृदय द्रवावें म्हणून आमच्या मुलांचीं उघडीं अंगें व रित्या थाळ्या चित्रांत काढून दाखवूं नयेत. दात्यास येथें बोलवावें, मुलांच्या पंगतीस बसवावें, नागलीची भाकर वाढावी. त्यानें मुलाचें दैन्य पाहण्यापेक्षां त्याचें नांव जाणणें बरें.

मागणें हें कित्येकांस हीन वाटतें. परंतु याच महाराष्ट्रांत माधुकरी मागून विद्यार्थी पंडित झाले, आणि माधुकरी वाढणाऱ्या घरासहि त्यांत आपलें पुण्य दिसे. आम्ही आपल्यासाठीं मागत नाहीं. म्हणून आमचा हात थरथरूं नये. पण तो रिकामा पुढें करूं नये. आधीं त्यांत आपलें कांहीं असावें, मग तो उघडावा.

त्या शेतकऱ्यास देवानें बोलावून घेतलें आहे. बाईहि आतां नाहींत. पण एकमेकांचें देणें फेडणारीं अशीं दोन माणसें प्रत्येक धर्मग्रामीं असलीं तर तेथील वसतिगृहाची चूल विझणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे. ज्यांनीं आजवर आम्हांस दिलें, ज्यांचीं नांवें वहींत आहेत आणि ज्यांचीं केवळ देवाच्या वहींत आहेत, त्या सर्वांचें ऋण आम्ही या दिवशीं मान्य करितों. आणि येणाऱ्या पंचांस त्यांचीं नांवें विसरूं न देण्याची सुबुद्धि प्रभूनें द्यावी, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.